मत वाया जातं म्हणजे काय?



निवडणूक जवळ आली की एक वाक्य आपल्या उंबऱ्यापर्यंत येतं. प्रचाराला आलेला माणूस पाणी पितो, लेकराबाळांची चौकशी करतो आणि जाता जाता म्हणतो, "ताई, तुमचा उमेदवार चांगला आहे हो, पण तो काही निवडून येत नाही. उगाच मत वाया घालवू नका." तो गेला की शेजारची जाऊबाई म्हणते, "कोण येतो न येतो, आपल्याला काय त्याचं? मनाला पटेल त्यालाच मत द्यावं." मग गिरणीत दळण टाकताना, बचतगटाचा हप्ता भरताना, शेतात निंदणी करताना हाच विषय निघतो. मन सांगतं तिकडे द्यायचं, की हिशोब करून द्यायचं?

आज मी कुणाला मत द्या हे सांगणार नाही. ते सांगायचा मला अधिकारच नाही. पण हा प्रश्न काही आपल्यालाच पहिल्यांदा पडलेला नाही. आपल्या आज्या-पणज्यांनाही तो पडला होता. मुंबईत, भंडाऱ्यात, साताऱ्यात, रत्नागिरीत, गोव्यात माणसांनी त्याची वेगवेगळी उत्तरं दिली आणि त्या उत्तरांनी इतिहास घडला. तो इतिहास आज आपण ऐकू या.

आधी हा प्रश्न पडतोच का, ते पाहू. आपल्याकडे ज्याला सगळ्यांत जास्त मतं, तो निवडून येतो. निम्म्याहून जास्त मतं मिळायलाच हवीत, असं काही नाही. समजा, एका गावात हजार मतं पडली. एकाला चारशे, दुसऱ्याला साडेतीनशे, तिसऱ्याला अडीचशे. चारशेवाला निवडून आला. पण सहाशे जणांना तो नको होता! ते सहाशे दोन ठिकाणी वाटले गेले, म्हणून तो आला. आता पुढच्या वेळी त्या अडीचशेंतला एखादा विचार करतो, "माझा माणूस तर येत नाही. मग नको असलेल्याला पाडायला मी दुसऱ्याला का देऊ नये?" हे झालं हिशोबाचं मत. आणि "माझा माणूस पडला तरी चालेल, मी त्यालाच देणार," हे झालं मनाचं मत.

देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. लोकसभेच्या ४८९ जागा होत्या. काँग्रेसला मतं मिळाली साधारण शंभरातली पंचेचाळीस, पण जागा मिळाल्या ३६४. समाजवादी पक्षाला शंभरात दहाच्या वर मतं मिळाली, पण जागा आल्या फक्त १२. कम्युनिस्ट पक्षाला शंभरात तीनच्या आसपास मतं, तरी जागा १६! असं कसं झालं? समाजवाद्यांची मतं देशभर थोडी थोडी विखुरलेली होती. कम्युनिस्टांची मतं थोड्याच भागांत, पण दाट होती. सगळ्या शेतावर शिंतोडे उडवले तर पीक येत नाही, एका वाफ्याला पाणी नीट दिलं तर तो वाफा येतो. तसंच हे.

त्याच निवडणुकीतली आणखी एक गोष्ट आपण बायकांनी विसरू नये. मतदारयाद्या करताना देशातल्या लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढंच सांगितलं. निवडणूक आयोगाने ठरवलं, स्वतःच्या नावाशिवाय यादीत नोंद नाही. त्यामुळे सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावं यादीबाहेर राहिली. मुख्यतः उत्तर आणि मध्य भारतातल्या बायकांची. म्हणजे मन की हिशोब, हा प्रश्न पडायच्या आधीची पायरी होती, मत आपल्या नावावर असणं. ही पायरी लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

आता मुंबईची गोष्ट. त्या काळी काही मतदारसंघांतून एकाच वेळी दोन खासदार निवडायचे. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी किंवा जमातींसाठी राखीव. देशात असे ८६ मतदारसंघ होते. आज आपल्या ग्रामपंचायतीच्या प्रभागातही दोन-तीन जागा असतात, पण तिथे प्रत्येक जागेचे उमेदवार वेगळे असतात. तेव्हा तसं नव्हतं. सगळे उमेदवार एकत्र, आणि मतदाराच्या हातात दोन चिठ्ठ्या. शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, तिच्यावर त्याची निशाणी. पडद्याआड जाऊन चिठ्ठी पेटीत टाकायची. दोन चिठ्ठ्या दोन वेगळ्या उमेदवारांना द्यायच्या. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एकच धरायची, दुसरी बाद.

मोजणीचा नियमही समजून घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे. आधी राखीव जागा भरायची. त्या समाजातल्या उमेदवारांत ज्याला जास्त मतं, तो राखीव जागेवर. मग उरलेल्या सगळ्या उमेदवारांत ज्याला जास्त मतं, तो दुसऱ्या जागेवर. तो कुठल्याही समाजाचा असो.

म्हणजे माझी दुसरी चिठ्ठी माझ्याच पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला पाडू शकते! त्यातून एक युक्ती निघाली. दुसरी चिठ्ठी कुणालाच लागू होऊ द्यायची नाही. दोन्ही एकाच पेटीत टाकायच्या, म्हणजे एक आपोआप बाद. याला लोक म्हणत, मत कुजवणं. कुणी म्हणत, मत जाळणं.

१९५२ साली उत्तर मुंबईच्या अशाच दोन जागांच्या मतदारसंघातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. त्यांचा पक्ष शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन. समाजवादी पक्षाशी त्यांची युती होती आणि सर्वसाधारण जागेसाठी समाजवादी अशोक मेहता उभे होते. राखीव जागेसाठी काँग्रेसचे नारायण काजरोळकर होते. कम्युनिस्टांचे श्रीपाद अमृत डांगेही रिंगणात होते. निकाल लागला तेव्हा काजरोळकरांना १,३८,१३७ मतं आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. ज्यांनी घटनेचा मसुदा केला, ते त्या घटनेखालच्या पहिल्याच निवडणुकीत १४,५६१ मतांनी पडले. अशोक मेहताही पडले. दोघांनी मिळून निवडणूक अर्ज केला. मतं कुजवण्याचा प्रचार झाला आणि त्यामुळे हजारो मतं बाद ठरली, असा त्यांचा आरोप होता आणि त्याचा रोख कम्युनिस्टांवर होता. तो अर्ज मान्य झाला नाही.

दोन वर्षांनी, १९५४ साली, भंडाऱ्यात पोटनिवडणूक लागली. तिचं कारणही भंडाऱ्याच्या मातीतलंच. आधी निवडून आलेल्या उमेदवाराची बिड्यांच्या पेढीत भागीदारी होती. त्या पेढीचा सरकारला बिड्या पुरवण्याचा करार होता. सरकारशी धंद्याचं नातं असलेला माणूस खासदार होऊ शकत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली. तेव्हा भंडारा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि आजचा गोंदिया जिल्हाही त्यातच होता. इथेही दोन जागा. बाबासाहेब आणि अशोक मेहता पुन्हा एकत्र उभे राहिले.

कार्यकर्त्यांनी मागच्या निवडणुकीचा धडा घेतला होता. त्यांच्या आठवणींत आणि बाबासाहेबांच्या चरित्रांत एक प्रसंग सांगितला जातो. कार्यकर्ते बाबासाहेबांना म्हणाले, आपल्या लोकांना सांगू या, एक चिठ्ठी तुम्हाला आणि दुसरी कुजवू या. हिशोब सरळ होता. दुसरी चिठ्ठी मेहतांना दिली नाही, तर मेहता खाली राहतील. मग राखीव जागेवर बाबासाहेब मागे पडले, तरी उरलेल्यांत वरचढ ठरून दुसऱ्या जागेवर येतील. एका चिठ्ठीला दोन दारं!

बाबासाहेबांनी नकार दिला. मताचा हक्क ज्यांनी घटनेत लिहिला, ते लोकांना मत जाळायला कसं सांगणार? पडलो तरी चालेल, पण हे सांगणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. मित्रपक्षाला शब्द दिलेला होता, तोही पाळायचा होता. त्यांच्या लोकांनी दुसरी चिठ्ठी मेहतांना दिली. निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब आठ हजारांच्या आसपास मतांनी पडले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर राखीव जागेवर आले. म्हणजे इकडची चिठ्ठी तिकडे पोचली, पण तिकडची सगळी इकडे आली नाही. युतीत जात आडवी आली, असं तेव्हाही बोललं गेलं.

मैत्रिणींनो, इथे थोडं थांबू या. बाबासाहेबांनी हिशोब नाकारला का? नाही. युती करणं हाही हिशोबच होता. दुसऱ्या पक्षाच्या माणसाला मत द्या, असं त्यांनी आपल्या लोकांना सांगितलंच होतं. त्यांनी नाकारलं ते मत जाळणं. हिशोब करून मत देणं ही एक गोष्ट, आणि मत मारून टाकणं ही दुसरी.

दोन जागांची ही पद्धत पुढे बंद झाली. १९५७ साली आंध्र प्रदेशातल्या पार्वतीपुरम मतदारसंघात कामगार नेते व्ही. व्ही. गिरी सर्वसाधारण जागेसाठी उभे होते. तिथे राखीव जागा आदिवासींची होती. निकाल असा लागला की दोन्ही जागांवर आदिवासी उमेदवार आले. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं, सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. पुढे १९६१ साली कायदा करून दोन जागांचे मतदारसंघ संपवले. हेच गिरी १९६९ साली राष्ट्रपती झाले.

आता त्या पडलेल्या मतांचं काय झालं, ते पाहू. मुंबईतली ती १,२३,५७६ मतं वाया गेली का? तेव्हा तसं वाटलं असेल. पण मोजलेलं मत कागदावर राहतं. फेडरेशनच्या पाठीशी एवढी माणसं आहेत, हे सगळ्या पक्षांनी पाहिलं होतं. आणि चारच वर्षांनी अशी वेळ आली की या माणसांना वगळून पुढे जाणं कुणालाच शक्य नव्हतं.

ती वेळ म्हणजे संयुक्त महाराष्ट्राची. मुंबईसह मराठी माणसांचं एक राज्य हवं, ही मागणी होती. १९५५ च्या नोव्हेंबरात मुंबईत गोळीबार झाला, १९५६ च्या जानेवारीत पुन्हा झाला. या लढ्यात शंभरावर माणसं गेली. मुंबईचं हुतात्मा स्मारक त्यांचंच. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला मात्र गुजरात आणि महाराष्ट्र एकत्र असलेलं द्विभाषिक मुंबई राज्य आलं. आणि १९५७ च्या सुरुवातीला निवडणूक.

समितीत कोण होतं पाहा. एस. एम. जोशींचा प्रजासमाजवादी पक्ष, डांगे यांचा कम्युनिस्ट पक्ष, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, आणि जनसंघ, हिंदू महासभाही. म्हणजे एरवी एका पंगतीला न बसणारी माणसं! उत्तर मुंबईत पाच वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध लढलेले आणि मतं कुजवल्याचे आरोप झालेले पक्षही एका समितीत आले. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले होते. त्यांचा पक्ष समितीत राहिला.

आता मतदाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. रत्नागिरीत समितीचा उमेदवार जनसंघाचा होता, प्रेमजीभाई आशर. तिथल्या समाजवादी किंवा कम्युनिस्ट विचाराच्या माणसाने काय करायचं? साताऱ्यात समितीचे उमेदवार होते क्रांतिसिंह नाना पाटील, कम्युनिस्ट पक्षाचे. तिथल्या देवभोळ्या माळकऱ्याने काय करायचं? नाशिकला होते दादासाहेब गायकवाड, फेडरेशनचे. तिथल्या सवर्ण मतदाराने काय करायचं? राजापूरला समाजवादी नाथ पै, धुळ्याला जनसंघाचे उत्तमराव पाटील.

हे सगळे निवडून आले. भंडाऱ्यात १९५४ साली जी चिठ्ठी जातीची रेघ ओलांडू शकली नाही, ती नाशकात तीन वर्षांनी ओलांडून गेली. का? कारण प्रश्न एकच होता आणि तो सगळ्यांना माहीत होता. मतदाराने समजून घेतलं की आत्ता मी माणसाच्या पक्षाला मत देत नाही, मी मुंबईसह महाराष्ट्राला मत देतो आहे. हिशोब झाला, पण तो त्याच्या मनातूनच आला होता. मन आणि हिशोब एका रेघेत आले.

समितीला सत्ता मिळाली नाही, हेही सांगायला हवं. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली, यशवंतराव चव्हाण स्वतः कऱ्हाडमधून जेमतेम आले. पण विदर्भ, मराठवाडा आणि गुजरातच्या बळावर काँग्रेसला विधानसभेत ३९६ पैकी २३४ जागा मिळाल्या आणि यशवंतरावच मुख्यमंत्री झाले. मग मतं वाया गेली का? ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा वाटेवर समितीच्या हजारो लोकांनी काळी निशाणं दाखवली. मतपेटीतून आलेला निकाल रस्त्यावरही दिसला. सत्तेतल्यांना कळलं की हे राज्य असं चालणार नाही. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. ज्यांना सत्ता मिळाली नाही, त्यांच्या मतांनी राज्य मिळवलं.

आणि पुढचं? राज्य मिळालं, तसा प्रश्न संपला. समितीतले पक्ष आपापल्या वाटेने गेले. १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. लोक विसरभोळे होते म्हणून नव्हे. एका कामासाठी एकत्र आले होते, ते काम झालं. मळणीला सगळी भावकी एकत्र येते, पण म्हणून चूल एक होत नाही.

आता गोव्याकडे जाऊ. मतदार किती बारीक विचार करतो, हे तिथे दिसतं. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला. १९६३ साली तिथे पहिली निवडणूक झाली. भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. त्याच्या मागे होता बहुजन समाज, भाटकारांच्या जमिनीत राबणारी कुळं, मुंडकार. भाऊसाहेबांच्या सरकारने गावोगावी मराठी शाळा काढल्या, १९६४ साली कूळ कायदा आणला. पण पक्षाच्या नावातच दुसरं एक उद्दिष्ट होतं, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा. विरोधात होता डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष.

१६ जानेवारी १९६७ ला या एकाच प्रश्नावर जनमत कौल घेतला. विलीनीकरण हवं असेल तर फूल, गोवा वेगळा केंद्रशासित ठेवायचा असेल तर दोन पानं. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला होता. निकाल लागला. फुलाला १,३८,१७० मतं, दोन पानांना १,७२,१९१. ३४,०२१ मतांनी विलीनीकरण हरलं.

आता सगळ्यांना वाटलं, बांदोडकर संपले. दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. आणि बांदोडकरांचा पक्ष पुन्हा सत्तेवर आला! म्हणजे कितीतरी गोंयकारांनी जानेवारीत त्यांच्या विरुद्ध आणि मार्चमध्ये त्यांच्या बाजूने मत दिलं. ही चंचलता नव्हती. त्यांनी दोन प्रश्न वेगळे ओळखले. शाळा, कूळ कायदा, बहुजनांचा मान, यासाठी पक्ष हवा. पण गोवा वेगळा राहायला हवा. दोन प्रश्न दोन वेळा विचारले, म्हणून दोन उत्तरं देता आली. एरवी निवडणुकीत सगळे प्रश्न एकाच मतात कोंबलेले असतात, तिथेच आपली अडचण होते. भाऊसाहेब १९७३ साली गेले, तेव्हा त्यांची मुलगी शशिकला काकोडकर गोव्याची पहिली महिला मुख्यमंत्री झाली.

बायकांचाही एक अध्याय आहे. १९७२-७३ साली दुष्काळ आणि महागाई. गोडं तेल, साखर, रॉकेल मिळेना. मुंबईत बायकांनी महागाईविरोधी संयुक्त समिती केली. त्यात समाजवादी मृणाल गोरे होत्या, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर होत्या, आणखी पक्षांच्या बाया होत्या. लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत हजारो बायका रस्त्यावर आल्या. पक्ष वेगळे, पण चूल सगळ्यांची सारखीच विझत होती. मग आणीबाणी आली. १९७७ च्या निवडणुकीत जनता पक्ष आणि मार्क्सवादी यांचा समझोता झाला. उत्तर मुंबईतून पाणीवाली बाई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मृणालताई जनता पक्षाकडून लोकसभेत गेल्या आणि उत्तर-मध्य मुंबईतून मार्क्सवादी अहिल्याताई. तेव्हाही प्रश्न एकच होता, आणीबाणी हवी की नको.

पण पुढे काय झालं, तेही पाहायला हवं. जनता पक्षाचं सरकार १९७९ मध्ये कोसळलं आणि १९८० मध्ये इंदिरा गांधी परत आल्या. पाडायला एकत्र येणं सोपं असतं. राज्य चालवायचं तर कांदा, कापूस, शाळा, पगार अशा शंभर प्रश्नांवर एकमत लागतं. ते हिशोबाच्या मतातून आपोआप येत नाही.

मग मैत्रिणींनो, या सगळ्यातून आपण काय घ्यायचं? मला यातून असं दिसतं की मन मोठं की हिशोब मोठा, हा प्रश्नच अर्धवट आहे. हिशोबाचं मत काही हलकं नाही. पण ते कधी द्यायचं, हे ओळखता आलं पाहिजे. म्हणून कुणी "मत वाया घालवू नका" म्हणालं, की त्याला आणि स्वतःला तीन गोष्टी विचारा.

पहिली, हा हिशोब कुणाचा आहे? संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी मतदाराने स्वतः हिशोब केला. आपल्या घरी बहुतेक वेळा काय होतं? हिशोब पारावर होतो, निर्णय ओसरीवर होतो आणि बाईला मतदानाच्या सकाळी निशाणी सांगितली जाते. ते तिचं मनाचंही मत नाही आणि हिशोबाचंही नाही. ते दुसऱ्याचं मत तिच्या बोटाने दिलेलं. सत्तर वर्षांपूर्वी "अमक्याची बायको" म्हणून यादीबाहेर राहिलेल्या बाईत आणि या बाईत फरक किती? नाव यादीत आलं, पण मत अजून तिच्या नावावर आलं नाही. पडद्याआड कुणी बघत नाही, ते गुप्त आहे. घरात वाद नको असेल तर वाद घालू नका, पण पडद्याआड विचार तुमचाच असू द्या.

दुसरी, या वेळी एकच मोठा प्रश्न आहे का, की ज्यापुढे बाकीचं थांबू शकतं? त्याचं नाव सांगता येतं का? "मुंबईसह महाराष्ट्र" असं दोन शब्दांत सांगता यायचं. गोव्यात फूल की पानं, एवढंच होतं. असा प्रश्न असेल तर पटणाऱ्या माणसाला बाजूला ठेवून दुसऱ्याला मत देणं यात कमीपणा नाही. पण प्रश्नाचं नावच कुणाला सांगता येत नसेल, फक्त "तो येणार आहे, त्यालाच द्या" एवढंच असेल, तर तो हिशोब नव्हे. वारा जिकडे तिकडे भूस उडते, त्यातला तो प्रकार. आणि येणारच आहे तर त्याला तुमच्या मताची एवढी गरज का, हेही विचारा.

तिसरी, माझं मत पुढच्या वेळी काय बोलेल? उत्तर मुंबईतली पडलेली मतं पुढे समितीत जागा मिळवून गेली. गावात एखादी बाई दारूबंदीसाठी, पाण्यासाठी उभी राहिली आणि पडली, पण तिला दोनशे मतं पडली, तर पुढच्या वेळी दोन्ही पॅनलवाले तिच्या दारात येतात. तिला वीसच पडली तर कुणी येत नाही. हरलेल्याला दिलेलं मत मोजलं जातं, लिहिलं जातं, आणि पुढची बोलणी त्या आकड्यावर होतात. उलट, सगळ्या शहाण्या बायांनी "ती येत नाही" म्हणून तिला सोडलं, तर ती कधीच येणार नाही. तिथे मनाचं मत हाच लांब पल्ल्याचा हिशोब असतो.

आणि भंडाऱ्याचा धडा वेगळा सांगते. मनाला दोन्ही उमेदवार पटत नाहीत, म्हणून घरी बसणं किंवा रागाने मत बाद करणं, हे करू नका. पैसे घेऊन मत देणं म्हणजे तर ते विकून टाकणंच. पडण्याचा धोका पत्करूनही बाबासाहेबांनी आपल्या लोकांना चिठ्ठी कुजवायला सांगितली नाही. ज्या समाजाला शतकानुशतकं काही विचारलंच गेलं नव्हतं, त्याच्या हातात पहिल्यांदा कागद आला होता. तो कागद किती महाग आहे, हे त्यांना माहीत होतं. आपल्या हातातलं बटणही तेवढंच महाग आहे.

या महिन्याच्या गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले की पंधरा मिनिटं याला द्या. कुणाला मत देणार, हे एकमेकींना विचारू नका, सांगूही नका. फक्त एवढंच बोला, या वेळी आपल्या गावापुढचा सगळ्यात मोठा प्रश्न कोणता? प्रत्येकीने एकेक सांगा आणि वहीत लिहून ठेवा. प्रचाराला माणूस आला, की पाणी द्या, बसायला द्या, आणि वहीतला तो प्रश्न त्याला विचारा.